तालमीत न म्हटलेला जवाब

आमच्या गावच्या मोहरमातलं गाणं दोन घरांचं आहे. सवाल भुजंगच्या घरचा, जवाब आमच्या घरचा. त्याचा बाप विचारायचा, माझा बाप सांगायचा. पुढे ते दोघे गेले आणि आम्ही दोघे उभे राहिलो. भुजंग शेतकरी, मी बांगड्या विकणारा मणियार. तो महादेवाला बेल वाहून आशुरखान्यात, पीर बसतात त्या घरात, यायचा. त्याचं कुणाला कधी नवल वाटलं नाही, कारण सवारी उचलायचा मान शिवमूर्तीच्या घराकडे आहे आणि ते लिंगायत. सवारी म्हणजे पिराचा पंजा लावलेली, रंगीत कापडांनी मढवलेली उंच काठी. हिमायतनगरहून इस्लापूरकडे जाताना आत वळलं की आमच्यासारखी पुष्कळ गावं लागतात. गल्लीत मुसलमानांची घरं मोजकी आणि मोहरम सगळ्या गावाचा.

गाण्याची रीत अशी. शेवटल्या दिवशी दुपार कलली की सवारी आशुरखान्यापुढे उभी राहते. भुजंग सवाल टाकतो. मी जवाब देतो. जवाब पटला की भुजंग मोठ्यानं "मंजूर" म्हणतो आणि सवारी एक पाऊल पुढे येते. नाही पटला तर तो "नामंजूर" म्हणू शकतो, मग मला पुन्हा म्हणावं लागतं. शेवटल्या सवालाचा जवाब मंजूर झाला की सवारी थंड व्हायला विहिरीकडे निघते. मंजूर झालेला जवाब पुन्हा बदलता येत नाही. सवालवाल्यानं जवाब द्यायचा नाही, आणि दुसऱ्या कुणीही द्यायचा नाही. सगळ्या गावाला तो पाठ आहे, पण म्हणायचा तो आमच्याच घरानं.

आणि शेवटला जवाब तालमीत म्हणायचा नाही. बाप सांगायचा, "तो म्हणलं की पीर निघाला. मंग आधीच कसं म्हणायचं?" पोरवयात एकदा शेळीला पाणी पाजताना तो माझ्या तोंडून गुणगुणला गेला. बापाच्या हातात बांगड्यांची माळ होती, तीच त्यानं पाठीत हाणली. बांगड्या फुटल्या. त्याचाही राग माझ्यावरच निघाला.

तालीम भुजंगच्या बांधावरच्या बाभळीखाली व्हायची. तिथं तो मुद्दाम "नामंजूर" म्हणायचा. मी चिडावं म्हणून.

मग ते वर्ष आलं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी रोगाच्या भीतीनं सगळं बंद झालं. गावोगावी रस्त्यावर बाभळीच्या काट्या पडल्या, तशा आमच्याही गावात पडल्या. पण गावाच्या वेशीवरच्या काट्या दूधवाल्यासाठी दोन दिवसांत सरकल्या, आणि दुसऱ्या काट्या पडल्या त्या आमच्या गल्लीच्या तोंडाला. टीव्हीवर दिल्लीतल्या मशिदीचं काहीतरी दाखवत होते. आमच्या गल्लीतल्या कुणी दिल्ली पाहिली नव्हती. मी नांदेडच्या पुढे गेलो तो एकदा हैदराबादेला, बांगड्या आणायला.

मी काट्यांच्या आतून बघितलं तर पलीकडे भुजंग उभा. तोंडाला उपरणं गुंडाळलेलं.

"भुजंग्या, ही बाभळ तुझ्या बांधावरची न्हवं?"

"पोरांनी तोडली. मी काय करू?"

"तोडली ते तोडली. आमच्याच गल्लीला काहून लावली?"

"थोडी कळ काढ की. गावाच्या भल्याचं हाय."

"आमच्यात कोण आजारी हाय, सांग."

"तसं कोण म्हणलं? टीव्हीवर दाखवून राहिले ना लेका. लोक भेले हायेत."

"तू भेला का?"

त्यानं उपरणं नाकावर वर ओढलं. "तुला काही लागलं तर फोन कर," म्हणाला आणि गेला.

गावात पहिला आजारी निघाला तो सरपंच दयानंदचा मेहुणा. पुण्याहून रातोरात गाडी करून आला होता. दयानंद हा भुजंगचा सख्खा पुतण्या. त्यांच्या दाराला काट्या लागल्या नाहीत. बाभळ पुरली नसावी.

पावसाळ्यात काट्या निघाल्या. निघाल्या म्हणजे वाळल्या आणि कुणीतरी चुलीला नेल्या. पंचमी आली. पंचमीला आबेदा, माझी बायको, टोपली घेऊन घरोघर बांगड्या भरायला जाते. भुजंगची बायको सिंधु या गावात नांदायला आली तेव्हापासून तिचे हात आबेदानंच भरले. पुरते दाबून, बोटं मिटवून, एक बांगडी फुटू न देता. त्या पंचमीला आबेदा लवकर परत आली. टोपली जशीच्या तशी होती.

"सिंधुनं भरल्या न्हाईत?" मी विचारलं.

"भरल्याती. हिमायतनगरच्या दुकानातून पुडा आणलाय." ती टोपलीवर फडकं टाकत म्हणाली. "माप चुक्या जी. एक नंबर लहान हाय. हात सुजतील उसके."

एवढंच बोलली. मापाचंच बोलली.

बकरी ईद झाली आणि एके दिवशी तिन्हीसांजेला माझ्या सुनेचा, जेबाचा, फोन वाजला. भुजंगनं माझ्या जुन्या बटनाच्या फोनवर न करता तिच्या मोठ्या फोनवर केला होता.

"लाल्या, तालीम करायची का न्हाई?"

मला वाटलं होतं, यंदा नाहीच. गल्लीत सगळ्यांनी तेच धरलं होतं.

"कशी करतो?" मी म्हणालो.

"फोनवर. मी इकडून सवाल टाकतो, तू तिकडून जवाब दे. गाव बंद हाय, गाणं थोडंच बंद हाय?"

हे त्याचं बोलणं मला लई आवडलं. आता कबूल करायला लाज वाटते, पण आवडलं.

रोज तिन्हीसांजेला फोन यायचा. जेबा तो उंबऱ्यावर पाटावर ठेवायची, आवाज मोठा करायची. भुजंग शेतातून बोलायचा, मागे ढोरांच्या गळ्यातलं वाजायचं. गल्लीतली माणसं आपापल्या दारात येऊन बसायची. इतके महिने कुणी कुणाच्या दारात बसलं नव्हतं. म्हातारी केवळाबाई, आमच्या गल्लीच्या टोकाला राहते, तीही भिंतीला टेकून ऐकायची. ती गेली साठेक वर्षं हे गाणं ऐकत आलेली. कुठे आवाज पडला तर ती तिथूनच म्हणायची, "लाल्या, दम धर रे. पळतंय का कुठं?"

फोनमधून आवाज उशिरा पोचायचा.

"दे की जवाब," भुजंग ओरडायचा. "का झोपला?"

"दिलाय. वाटंत हाय."

"आला, आला. नामंजूर!"

"अरे नीट ऐकला तरी का?"

"तुझा आवाज फाटलाय लाल्या."

"फाटला म्हणून बाहेर तरी पडून राहिला. तुझा आतच बुजलाय."

सगळी गल्ली हसायची. मला मागचे महिने विसरल्यासारखं झालं. बाभळीचंही विसरलो म्हणा.

एक गोष्ट मात्र नवी होती. भुजंग प्रत्येक जवाब दोनदा म्हणायला लावायचा. "नीट आला न्हाई, सावकाश म्हण." "शेवट तुटला, पुन्हा म्हण." मला वाटलं, याचे कान गेले. वय झालं. मी पुन्हा म्हणायचो, आणि मुद्दाम चांगला म्हणायचो.

सवाल टाकताना भुजंग म्हणायचा,

"सांग गड्या सांग, नदी भरली होती,
मग तहान का रं न्हाई भागली?"

आणि मी म्हणायचो,

"नदी भरली होती गड्या, भरली होती,
वाट तिची अडवली होती."

हा जवाब त्यानं तीनदा म्हणून घेतला.

शेवटला सवाल आला की आम्ही दोघे थांबायचो. तालीम तिथंच संपायची. तेवढ्यापुरतं फोनमध्ये नुसतं वारं वाजायचं.

मोहरमच्या आठवड्यात गणपतीही बसलेला होता. पोलीस येऊन गेले. शांतता बैठक झाली. मला बोलावलं नव्हतं. अबुजर, आमचा मुजावर, बैठकीला होता, त्यानं येऊन सांगितलं. मिरवणूक नाही. सवारी उठेल, पण फक्त पाच माणसं.

"कोण कोण?" मी विचारलं.

अबुजर चपलेनं माती उकरत राहिला. "मी हाव. मुजावर लागतोच. शिवमूर्ती सवारीला. भुजंगमामा. सरपंच. अन् तो आदर्श, सरपंचाच्या मागं फिरणारा पोरगा."

"आदर्श कशाला?"

"मोबाइलवर दाखवायला. लोक घरात बसून बघतील म्हणे."

"अन् जवाब?"

"मी बोललो चाचा. सरपंच म्हणला, गाण्याला एक माणूस बस झाला."

मी भुजंगला फोन केला. तालमीच्या वेळेची वाट बघितली नाही.

"पाचात मी हाय का?"

"दयानंद ठरवून राहिला. बघू."

"तू काय म्हणलास?"

"मी काय म्हणणार? सरपंच तो हाय."

"मग सवाल कुणाला टाकतो? भिंतीला?"

तो म्हणाला, "त्याची सोय केली हाय म्हणे." आणि फोन ठेवला.

शेवटल्या दिवशी मी आंघोळ करून धुतलेला सदरा घातला, टोपी हातात घेऊन दारात बसलो. बोलावणं आलं तर उशीर नको. आशुरखाना आमच्या दारापासून दिसत नाही, वळण आहे. पण आवाज येतो. दुपार कलली. गणपतीपुढचा मोठा भोंगा आशुरखान्यापुढे आणून ठेवलाय, असं जेबानं सांगितलं. गल्लीच्या तोंडाला दोरी बांधली होती आणि तिथं एक पोलीस खुर्ची टाकून बसला होता. चांगला माणूस असावा, केवळाबाईला पाणी मागून प्यायला.

भुजंगनं पहिला सवाल टाकला. आवाज फाटका होता, पण सुरात होता. मी दारात बसूनच तोंड उघडलं. सवय ती. कुणी बोलावो न बोलावो.

तोंड उघडं आणि जवाब तिकडून आला. भोंग्यातून. माझाच.

मला आधी कळलंच नाही. वाटलं माझा आवाज भिंतीवर आपटून परत आला. मग ओळ संपली आणि तिच्यामागे आमची शेळी ओरडली. भोंग्यातून, साऱ्या गावावर. आणि तिच्याही मागे आबेदाचा आवाज आला, "चहा ठंडा होरा जी."

आशुरखान्यापुढे कुणीतरी हसलं. मग घराघरांतून हसू आलं, कारण सगळे मोबाइल लावून बसले होते.

आबेदा आत भाकरी करत होती. ती पिठाच्या हातानं दारात आली. आपलाच आवाज पिराच्या दारी ऐकून तिनं पदर डोक्यावर ओढला, कुणी परकं घरात शिरल्यासारखा.

"हे क्या जी?" ती म्हणाली.

मला तालमीतलं भुजंगचं बोलणं आठवलं. सावकाश म्हण. शेवट तुटला. पुन्हा म्हण. त्याचे कान शाबूत होते. जेबाच्या मोठ्या फोनवर त्यानं का फोन केला तेही आता कळलं, माझ्या बटनाच्या फोनवर आवाज साफ येत नाही.

भुजंग सवाल टाकत गेला. भोंगा जवाब देत गेला. भुजंग दरवेळी "मंजूर" म्हणत गेला. एकदाही अडवलं नाही. यंत्राला काय चिडवायचं? नदीचाही जवाब गेला. मी चांगलाच म्हटला होता.

मग शेवटला सवाल.

"सांग गड्या सांग, सांज झाली,
घरी परत कोण रं आलं?"

भोंगा खरखरला. खरखरतच राहिला.

गल्लीतलं प्रत्येक माणूस माझ्याकडे बघत होतं. केवळाबाई म्हणाली, "तालमीत म्हणलाच न्हाईस तर येईल कुठून?" आणि बोळक्या तोंडानं हसली. तिचं ते हसणं मला त्या दिवसात तेवढंच गोड वाटलं.

भुजंगनं सवाल पुन्हा टाकला. त्याचा आवाज आता हलला होता. शिवमूर्ती खांद्यावर सवारी घेऊन उभा असणार. ती जड असते, आणि तोही आता पोरगा नाही. जवाब आल्याशिवाय त्याला पाऊल टाकता येत नाही, आणि दिवस बुडायच्या आत ती थंड व्हायला पाहिजे.

जेबाचा फोन वाजला. तिनं माझ्या हातात दिला.

"चाचा, आदर्श बोलून राहिलो. ती शेवटची ओळ राहिली का हो? तेवढी बोलून व्हॉट्सअपवर टाका ना. पटकन."

"ती फोनात म्हणत न्हाईत."

"अहो चाचा, लोक लाइव्ह बघून राहिले. एवढीशी ओळ."

"सवारीपुढं म्हणावी लागती. मी येतो."

"पाच झालेत ना चाचा."

"मग तू दोरीच्या बाहेर हो. मी येतो."

"थांबा, विचारतो."

त्यानं फोन बंद केला नाही. मी टोपी घातली. आबेदानं माझी चप्पल उंबऱ्यातून पुढे सरकवली.

"जाव जी," ती म्हणाली. "पीर का क्या कसूर?"

फोन कानाला तसाच धरून मी चालू लागलो. राग होताच. पण जाताना मी मनात तो जवाब जुळवत होतो, वरची जागा कशी घ्यायची ते. तो जवाब मी इथं लिहीत नाही. मी लिहायला म्हातारपणी शिकलो, पण कागद काही सवारी नाही.

फोनातून तिकडचं ऐकू येत होतं.

"तो येतो म्हणला," आदर्श म्हणाला.

"येऊ दे," हा भुजंगचा आवाज. "त्याच्याबिगर हालत न्हाई ती."

"काका, तो आला की मागं सगळी गल्ली येईल," दयानंद म्हणाला. "पोलीस बसलाय तिथं. उद्या माझ्यावर केस. तुम्हीच म्हणा की ती ओळ."

"सवालवाल्यानं म्हणू नये."

"अबुजर, तू म्हण."

"माझ्या घरची न्हाई ती," अबुजर म्हणाला.

"मग आदर्श, मागची एखादी लाव रे. ती नदीची लाव. जुळतंय की. वाट अडवली, म्हणून कोणी आलं न्हाई. बाहेरच्या लोकांना काय कळतंय?"

भुजंग काय म्हणतो ते ऐकायला मी वळणावर थांबलो. तो काहीच म्हणाला नाही. आदर्शनं फोन बंद केला.

मी दोरीपाशी पोचलो. पोलीस खुर्चीतून अर्धा उठला, माझ्याकडे बघून परत बसला. समोर आशुरखाना. शिवमूर्ती सवारीचं ओझं सावरत होता, सवारीच्या कापडाला लावलेल्या घुंगरांचा बारीक आवाज येत होता. भुजंग माझ्याकडे तोंड करून होता. त्यानं मला बघितलं. आमच्यामध्ये दोरी होती आणि हाकेच्या अंतराहून कमी जागा. मी म्हटलं असतं तर तिथूनही ऐकू गेलं असतं. मी छाती भरून श्वास घेतला.

भोंग्यातून माझा आवाज आला.

"नदी भरली होती गड्या, भरली होती,
वाट तिची अडवली होती."

शेळी नव्हती या वेळी. साफ आला.

मी भुजंगकडे बघत राहिलो. शिवमूर्तीही त्याच्याकडेच बघत होता. त्यानं पाऊल टाकलं नव्हतं. त्याला ठाऊक होतं. अबुजरला ठाऊक होतं. घराघरांत मोबाइल धरून बसलेल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला ठाऊक होतं. जन्मभर बाभळीखाली बरोबर जवाबाला नामंजूर म्हणणारा माणूस तो. आता एकदा म्हणायचं होतं. एकच शब्द. मी दोरी ओलांडायचीही गरज नव्हती.

भुजंगनं नजर खाली केली.

"मंजूर," तो म्हणाला.

सवारी निघाली. शिवमूर्ती जाताना माझ्यासमोरून गेला आणि तोंड दुसरीकडे करून गेला. मागून दयानंद, आदर्श. भुजंग सगळ्यांत शेवटी. दिवस बुडायच्या आत सवारी थंड झाली. गावाला काही झालं नाही. पाऊस चांगला पडला, सोयाबीन बरं आलं. म्हणजे माझ्या जवाबावर काही अडून नव्हतं, हेही गावाला कळलं.

त्याच्या पुढल्या वर्षी परत बंदीच होती. तालमीचा फोन आला नाही. कशाला येईल? आदर्शकडे सगळं होतं. शेळी आणि चहा त्यानं कापून टाकले, असं अबुजर सांगत होता. त्या पावसाळ्यात आबेदा नव्हती. उन्हाळ्यात तिला नांदेडला नेलं, तिथंच गेली, परत आणू दिली नाही. तिचा आवाज त्या फोनात तेवढा एक होता, तोही गेला. आदर्शला काय ठाऊक? त्याला नको होता, त्यानं कापला.

तिसऱ्या वर्षी सगळं सुटलं. मोहरमच्या आधी भुजंग घरी आला. बिनउपरण्याचा. काट्या पडल्यापासून पहिल्यांदा माझ्या उंबऱ्यात बसला. आबेदाचं म्हणून दोन शब्द बोलला, ते मी ऐकून घेतले. सिंधुच्या हातावर अजून वळ आहेत, असंही काही म्हणाला. जेबानं चहा आणला.

"लाल्या, यंदा चल," तो म्हणाला. "मोकळं झालंय सगळं. मिरवणूक निघणार. दयानंदच म्हणला, चाचाला पुढं उभं करा."

"जवाब कोण देणार?"

तो चहाच्या कपाकडे बघत बसला. "आवाज मशीनचाच ठेवू म्हणतो दयानंद. तो साफ हाय. लोकांना सवय झाली. तू नुसता उभा राहा, मानाचा. शेवटला जवाब मात्र तू म्हण. खरा. मी सांगून आलोय त्याला. तेवढं तरी मी सांगितलं."

"शेवटला जवाब झाला की."

"तो न्हवं रे. खरा."

"तू मंजूर म्हणलास ना?"

त्यानं कप खाली ठेवला.

"भुजंग्या, विचारून राहिलो. म्हणलास का न्हाई?"

"म्हणलो."

"मग झालं. मंजूर झालेला जवाब बदलत न्हाईत. तुझ्याच घरची रीत हाय."

त्याच्या चहावर साय धरली. तो प्यायला नाही, मीही पी म्हटलं नाही. मग तो गुडघ्यावर हात देऊन उठला. बाहेर पोरं गणपतीचा भोंगा हातगाडीवर घालून आशुरखान्याकडे नेत होती. ती जाईपर्यंत तो वाट सोडून भिंतीला लागून उभा राहिला.